कांद्याची पट्टी, व्हायव्हा आणि चॅटजीपीटी

२०२५ या एका वर्षात आमच्या पोरांच्या हातात एआय फुकट येऊन पडला. जुलैमध्ये एअरटेलने सगळ्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर दिलं, ऑक्टोबरच्या शेवटी जिओने जेमिनी प्रो अठरा महिन्यांसाठी द्यायला सुरुवात केली आणि तीही आधी १८ ते २५ वयोगटाला, म्हणजे नेमकी आपली वर्गातली मुलं, आणि ४ नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो पण भारतात वर्षभर मोफत झालं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मेटा एआय तर त्याच्या आधीपासूनच होता. त्यामुळे "आमची खेड्यातली मुलं, त्यांना कुठलं एआय" असं जे काही प्राध्यापक अजून म्हणतात ना, त्यांनी एकदा एसटी स्टँडवर उभं राहून पोरं मोबाईलवर काय टाईप करतायत ते बघावं.

मी नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्या पट्ट्यातल्या एका कॉलेजमध्ये अर्थशास्त्र शिकवते. मराठी माध्यम, वर्गात नव्वदेक मुलं, त्यातली निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांच्या घरची. आणि स्टाफरूममध्ये गेली दोन वर्षं एकच विषय चालू आहे, पकडायचं कसं. असाइनमेंट एआयने लिहिलीय हे दिसतं, सगळ्यांना दिसतं, ज्या मुलाने परवा वर्गात सलग दोन वाक्यं बोलली नाहीत त्याच्या असाइनमेंटमध्ये "बहुआयामी दृष्टिकोनातून विचार करता" असं येतं, पण सिद्ध कसं करणार?

माझं मत सरळ आहे, पकडण्याच्या मागे लागू नका. डिटेक्टर, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगणारं सॉफ्टवेअर, असा जो प्रकार आहे त्यावर विसंबून एखाद्या मुलाचे मार्क कापणं मला अन्याय वाटतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये असं एक टूल काढलं होतं, ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के बरोबर ओळखायचं आणि माणसाने लिहिलेलं ९ टक्के वेळा एआयचं म्हणून सांगायचं, शेवटी त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनीच ते बंद केलं. म्हणजे ज्यांनी मशीन बनवलं त्यांनाही ते जमलं नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा मुलांचे टोफेल परीक्षेचे ९१ निबंध त्यात टाकले, तर सरासरी ६१ टक्के वेळा माणसाने लिहिलेला निबंध एआयचा ठरला. साधे शब्द, साधी वाक्यं लिहिली की मशीनला संशय येतो. आता सांगा, आपली मुलं इंग्रजीत कसं लिहितात? साधंच लिहितात. मग मार कुणाला बसणार?

दुसरा उपाय सगळीकडे चालू आहे तो म्हणजे "हाताने लिहून आणा". आमच्या एका ज्येष्ठ सरांचा यावर फार विश्वास आहे आणि मी त्यांचा मनापासून आदर करते पण हे मला पटत नाही. मुलं मोबाईल समोर ठेवतात आणि स्क्रीनवरचं वहीत उतरवतात, दहा पानं, निळ्या पेनाने, हेडिंग काळ्या पेनाने. आधी गाईडमधून उतरवायची. खरं सांगायचं तर असाइनमेंट हा प्रकार एआय येण्याच्या कितीतरी आधीच मेला होता, आपण फाईलींवर सह्या करत राहिलो आणि इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजच्या हातातले, मार्क सरसकट देत राहिलो. एआयने ते उघडं पाडलं एवढंच.

आता मी काय बदललं ते सांगते. दुसऱ्या वर्षाला बाजारभाव, मागणी-पुरवठा, शेतमाल विपणन असा भाग असतो. पूर्वी "कृषी विपणनाच्या समस्या स्पष्ट करा" अशी असाइनमेंट असायची. आता मी सांगते, घरून नाहीतर शेजारून कांदा विक्रीची एक हिशोबपट्टी आणा. खरी, बाजार समितीत माल विकल्यावर मिळते ती. नाव झाकलं तरी चालेल. त्यातली एकेक ओळ समजून घ्या आणि मला येऊन तोंडी सांगा. वजन किती, भाव काय लागला, हमाली किती, तोलाई म्हणजे माल तोलण्याचे पैसे किती, गाडीभाडं किती, हातात काय पडलं आणि त्या दिवशी तोच भाव का लागला.

ज्यांच्या घरी कांदा नाही ते टोमॅटोची, द्राक्षाची आणतात, एकीने दूध डेअरीची दहा दिवसांची स्लिप आणली होती, फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन भागावर, दर कसा बदलतो ते तिने इतकं छान समजावलं की मी पुढच्या बॅचला तीच स्लिप उदाहरण म्हणून वापरते.

पट्टी का? कारण ती एआयकडे नाही. ती घरातल्या पत्र्याच्या डब्यात आहे. आणि ती मागायची तर वडिलांशी बोलावं लागतं, आणि माझ्या अनुभवात इथेच खरा अभ्यास सुरू होतो, कारण वडील नुसती पट्टी देत नाहीत, ते बोलायला लागतात. हमाली-तोलाई शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची की व्यापाऱ्याने द्यायची यावरून एप्रिल २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते, मुलांनी बातमी ऐकलेली असते पण हा वाद नेमका कितीचा आहे हे त्यांना पट्टीवरच्या आकड्यावरून पहिल्यांदा कळतं. आडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याचं कमिशन, २०१६ पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही असा नियम झाला, मग आजोबांच्या जुन्या पट्टीत आडतीची ओळ आहे आणि बाबांच्या पट्टीत नाही, असं का? हा प्रश्न एका मुलानेच विचारला, मी विचारला नव्हता.

एक पट्टी मात्र मी स्वतः फळ्यावर मांडते. फेब्रुवारी २०२३, सोलापूर, ५१२ किलो कांदा, भाव किलोला १ रुपया, म्हणजे ५१२ रुपये. वाहतूक, हमाली, तोलाई वजा ५०९ रुपये ५० पैसे. वरचे पैसे सोडून शेतकऱ्याच्या हातात २ रुपयांचा चेक. पेपरला आलेली बातमी आहे, अनेकांना आठवत असेल. विक्रीचा खर्च भावावर अवलंबून नसतो, वजनावर आणि अंतरावर असतो, म्हणून भाव पडला की तो खर्च सगळंच गिळतो, ही गोष्ट पुस्तकातून शिकवायला मला दोन लेक्चर लागायची आणि तरी कोरे चेहरे दिसायचे.

मग एआयचं काय करायचं? तर त्याला मी वर्गात आणते. प्रोजेक्टरवर उघडते आणि सगळ्यांसमोर विचारते, नाशिक जिल्ह्यात कांद्याचे भाव इतके का हलतात आणि उपाय काय. उत्तर झकास येतं, मुद्देसूद, मध्यस्थांची साखळी, साठवणुकीचा अभाव, शीतगृहं उभारावीत, थेट विक्री करावी. मग वही बंद करायला सांगते आणि म्हणते, आता यातलं चूक काय ते सांगा.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा जरा वेळ शांतता होती. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो कधीच बोलत नाही, तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं कोल्ड स्टोरेजमधी कोण ठेवतं कांदा? चाळीत ठेवत्यात." आणि तिथून जे सुरू झालं ते बेल होईपर्यंत थांबलं नाही. चाळ म्हणजे कांदा साठवायची हवेशीर शेड. तिथे ठेवतात तो उन्हाळ्यात निघणारा उन्हाळ कांदा, लाल कांदा टिकत नाही, तो काढला की विकावाच लागतो, म्हणून लाल कांद्याच्या वेळी शेतकऱ्याला थांबताच येत नाही, भाव काहीही असो. उन्हाळ चार-पाच महिने ठेवता येतो पण त्यात वजन घटतं, सड होते, मग किती दिवस थांबायचं हा जुगार. भाव बदलला की पुरवठा किती बदलता येतो, पुरवठ्याची लवचिकता हीच तर आहे. ती त्या मुलांना आधीपासून येत होती, फक्त तिला पुस्तकात काय म्हणतात ते माहीत नव्हतं.

त्यानंतर आम्ही निर्यातीच्या तारखा मांडल्या. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ८ डिसेंबर २०२३ ला थेट निर्यातबंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखालच्या भावाने निर्यात करता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क लागलं, सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्के झालं, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. ज्याची त्याची पट्टी कुठल्या तारखेची आहे ते या ओळीवर ठेवायला सांगितलं. या तारखा शोधायला एआय वापरा म्हणून मीच सांगितलं होतं, अट एकच, प्रत्येक तारीख सरकारी अधिसूचनेशी नाहीतर जुन्या बातमीशी जुळवून आणायची. दोन ग्रुपला एआयने चुकीच्या तारखा दिलेल्या, त्यांनीच शोधून काढल्या. मला यापेक्षा जास्त काय हवं?

एआयचा फायदा नाही असं अजिबात नाही हं. एक मुलगी आहे, वर्गात मान वर करत नाही, ती रात्री चॅटजीपीटीला इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करून विचारते, उदासीनता वक्र (ग्राहकाच्या आवडीनिवडीची अर्थशास्त्रातली आकृती) परत सांग, अजून सोपं करून सांग, अजून सोपं. एकच गोष्ट पाचव्यांदा विचारली तरी तिथे कुणी हसत नाही. मराठीत अर्थशास्त्राची चांगली पुस्तकं किती कमी आहेत आणि इंग्रजी पुस्तक उघडलं की मुलांच्या पोटात कसा गोळा येतो हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. अशा मुलीला मी "वापरू नको" कुठल्या तोंडाने सांगू.

पण कसं वापरायचं ते शिकवावं लागतं हे नक्की. तुर्कस्तानात हायस्कूलच्या जवळजवळ हजार मुलांवर गणिताचा एक प्रयोग झाला, २०२४ मध्ये तो बाहेर आला. ज्यांना साधं चॅटजीपीटीसारखं टूल दिलं त्यांची सरावातली कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली, पण टूल काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना ते कधी मिळालंच नव्हतं त्यांच्यापेक्षा ती मुलं १७ टक्क्यांनी मागे पडली. दुसऱ्या एका गटाला असं टूल दिलं होतं जे उत्तर न देता फक्त इशारे द्यायचं, त्या गटाचं हे नुकसान जवळपास झालंच नाही. म्हणून मी मुलांना एक वाक्य लिहून दिलंय, प्रश्न विचारायच्या आधी ते टाकायचं, "मला उत्तर देऊ नको, मला प्रश्न विचार आणि मी कुठे चुकतोय ते दाखव." सगळे टाकतात का? नाही. पण जे टाकतात ते व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, लगेच ओळखू येतात.

आणि आता खरा अडचणीचा मुद्दा, वेळ. नव्वद मुलं, प्रत्येकी सहा मिनिटं तोंडी, म्हणजे ५४० मिनिटं, नऊ तास. एका पेपरचे. तीन पेपर शिकवत असाल तर सत्तावीस तास. आणि हे वर्कलोडमध्ये कुठेच धरलं जात नाही. नवीन शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी म्हणजे प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण, क्रेडिटचे हिशोब, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाईली हे सगळं आहेच, आणि आमच्यासारख्या कॉलेजांत किती तरी पदं रिकामी आहेत, निम्मं शिकवणं सीएचबीवरची, म्हणजे तासिका तत्त्वावरची, तरुण मुलंमुली करतात, त्यांना तासावर पैसे मिळतात. त्यांनी नऊ तास बसून पोरांचं ऐकायचं ते कुठल्या खात्यात लिहायचं? एआयवर एक दिवसाची कार्यशाळा घेऊन, सर्टिफिकेट वाटून हा प्रश्न सुटणार नाही. मुलाच्या समोर बसून त्याचं ऐकून घेणारा माणूस पगारावर ठेवावा लागेल, आणि मला हे फार कळकळीने वाटतं की एआयच्या नावाने जो पैसा कॉलेजांना मिळेल त्यातला मोठा भाग स्मार्ट बोर्डात न जाता इथे जावा.

तोपर्यंत मी एक जुगाड केलाय, एकेकाची वेगळी तोंडी घेत नाही, तीन-तीनचे ग्रुप बोलावते, पट्टी प्रत्येकाची वेगळी पण प्रश्न मी शेजारच्याच्या पट्टीवर विचारते. म्हणजे तिघांनी एकमेकांना समजावून सांगितल्याशिवाय भागत नाही. दहा मिनिटांत तिघं होतात, नऊ तासांचे पाच झाले. परफेक्ट नाही, एखादा हुशार मुलगा दोघांना ओढून नेतो, त्यावर अजून उत्तर सापडलं नाहीये.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आम्ही काही जणांनी मिळून अर्ज केलाय की इंटर्नलमधले निम्मे मार्क तोंडीसाठी ठेवा आणि ते तास वर्कलोडमध्ये धरा, सीएचबीलाही. उत्तर यायचंय. इतिहास, भूगोल, मराठी शिकवणारे कुणी हे वाचत असाल आणि तुमच्या विषयात पट्टीसारखं काही वापरत असाल तर खाली नक्की लिहा, अर्जाला जोडायला उदाहरणं हवी आहेत.