दुसरीतल्या पोराची वाचनाची तपासणी अन् एक सही

पोरगा वाचताना अडतो म्हणून डोळे आणि कान मिरजेला एका दिवसात तपासून झाले. दोन्ही ठीक. हे रिपोर्ट आधीच काढून ठेवा, पुढं जो भेटेल तो पहिल्यांदा तेच मागतो. आमचं घोडं अडलं ते त्यानंतर, पोराच्याच शाळेत.

आम्ही तासगावकडचे. पोरगा दुसरीत. गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगणार, कविता तालात म्हणणार. पुस्तक पुढं ठेवलं की चित्र बघून आख्खा पाठ धडाधडा. चित्रावर हात ठेवला की गप्प. ‘धरण’चं ‘घरण’, ‘भात’चा ‘मात’, आणि जोडाक्षर दिसलं की ती ओळच सोडून पुढं. आता दुसरीत ध-घ ची गफलत बऱ्याच पोरांची होते. आपली बाराखडी, जोडाक्षरं अंगवळणी पडायला वेळ लागतोच. पण वर्गाच्या बाईंनी माझ्यासमोर त्याला तोंडी विचारलं, “‘कमळ’मधला क काढला तर काय राहील?” त्याला सांगता येईना. तिथं पुस्तकाचा, अक्षराचा संबंधच नव्हता. बाई म्हणाल्या, “अध्ययन अक्षमतेची, म्हणजे हुशार असूनही वाचन-लेखन अडण्याची, मला शंका आहे ती इथं.”

बाई तपासणीचा तक्ता भरायला तयार होत्या. त्यावर मुख्याध्यापकांची सही आणि शाळेचं पत्र हवं होतं. साहेब म्हणाले, “अहो, आठ वर्षं झाल्याशिवाय तपासणीच होत नाही. थांबा की जरा. आणि आपल्या शाळेत असली पोरं नाहीत.”

ऑक्टोबर छाटणीची माणसं द्राक्षबागेत, आणि मी शाळेच्या व्हरांड्यात बाकावर. कधी साहेब मीटिंगला, कधी शिक्का कपाटात आणि किल्ली क्लार्कच्या खिशात. शेवटी मीच वाचून काढलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमताही आहे. 2018 च्या केंद्राच्या सूचनांत प्रमाणपत्राला आठ वर्षांची अट होती. प्राथमिक चाळणी ही वेगळी गोष्ट. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची ‘डाली’ नावाची चाचणी मराठीतही आहे आणि तिचा लहान गटाचा भाग पहिली-दुसरीसाठीच केलेला आहे. आठ वर्षंच थांबायचं होतं तर तो भाग केला कशाला? हे मी साहेबांना विचारलं. जरा आवाज चढवूनच. उत्तर आलं, “शाळेचं नाव खराब होतं हो.”

मग तोंडी बोलणं बंद केलं. साध्या कागदावर अर्ज लिहिला, गटशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत असं खाली टाकलं आणि क्लार्ककडून आवक क्रमांकासकट पोच घेतली. सही दुसऱ्याच दिवशी झाली. हे आधी कुणी सांगितलं असतं तर माझी अर्धी छाटणी वाचली असती.

पुढचं सरळ गेलं. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका आल्या, त्याला जवळ बसवून वाचून घेतलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की चाळणी म्हणजे निदान नव्हे. धोका दिसतोय, तर शिकवणं आत्तापासून बदलायचं. आता रोज थोडा वेळ: एक आवाज, त्याचं अक्षर, मग त्याला एकेक मात्रा. पाठांतर नाही.

एक राहिलं. जुन्या वह्या रद्दीत घालू नका, तारखांसकट त्याच कामाला येतात. इंग्रजी माध्यमात असेल तर घरच्या भाषेतही वाचून बघायला सांगा. आणि पोराला ‘ढ’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना तिथल्या तिथं अडवा, मग आत्या असो की मामा.

आठ पूर्ण झाली की प्रमाणपत्राचं बघू. तोवर परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला बाई तयार आहेत. साहेबांनी तेही लेखी मागितलंय. दिलंय, पोच घेऊन.