वेळापत्रक तिसऱ्या दिवशी काहून तुटते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला घेतलं. प्रश्न दोन तोंडांनी येतो. बारावीची नाहीतर एमपीएससीची पोरं म्हणतात, "टाइमटेबल तर मस्त बनवतो, पण तिसऱ्या दिवशी तुटून जाते. काहून?" नागपूरजवळच्या बुटीबोरीला, हिंगण्याला नोकरीवर जाणारे म्हणतात, "दिवसभर करूनच राहिलो, तरी काम संपून नाही राहिलं." दोघांनाही माझं उत्तर एकच असतं. दिवसातून हाती उरतं किती, याचा हिशोब न करताच तुम्ही वाटप सुरू केलं आहे.

म्हणून पहिले तीन दिवस वेळापत्रक लिहूच नका. नुसती नोंद करा. खिशात मावेल अशी डायरी घ्या आणि एक काम सोडून दुसऱ्याला हात घातला की घड्याळ पाहून लिहा: ७:१० चहा, पेपर, ७:४० आंघोळ, ८:०५ मोबाइल. कामाचे दोन दिवस आणि एक रविवार एवढं पुरतं. बहुतेक जण इथं एक चूक करतात, रात्री अंथरुणावर पडून दिवस आठवून लिहितात. मग दिवस गेला तसा कागदावर येत नाही, जायला हवा होता तसा येतो. 'अभ्यास ६ ते ९' असं ऐटीत लिहिलं जातं आणि त्यातली वही शोधण्याची, रिफिल बदलण्याची, मित्राच्या फोनची मिळून पन्नास मिनिटं कुठंच दिसत नाहीत.

तीन दिवसांनी वजाबाकी. समजा, कंपनीच्या बससाठी घर ७:४५ ला सुटतं आणि परत यायला ६:४५ होतात. अकरा तास गेले. झोप सात. उरले सहा. आंघोळ, चहा, डबा, जेवणं यांचे अडीच. भाजी आणणं, मुलांचं दप्तर, गावी आईला फोन यांचा एक. हाती राहिले अडीच तास, म्हणजे १५० मिनिटं. बारावीच्या मुलाचं पाहा: झोप साडेसात, कॉलेज आणि क्लास साडेसात, जाणं-येणं दीड, खाणंपिणं-आंघोळ अडीच, घरचं आणि मित्रांचं एक. वीस तास झाले, उरले चार. याच मुलाच्या भिंतीवर 'रोज ८ तास सेल्फ स्टडी' असं स्केचपेनानं लिहिलेलं असतं! ते तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतं हेच विशेष.

आता जे उरलं त्याचे दोन तृतीयांशच वाटा. १५० मिनिटांतली १००, चार तासांतले दोन तास चाळीस मिनिटं. बाकीचा तिसरा हिस्सा लाइट जाते तेव्हा, पाहुणे येतात तेव्हा, गाडी पंक्चर होते तेव्हा लागतो. नाही लागला तर झोपा, गच्चीवर फिरा. तो भरून टाकलात की पहिल्याच पाहुण्याबरोबर सगळं वेळापत्रक कोसळतं.

दुसरी खोट कामाच्या अंदाजात असते. 'फिजिक्स वाचणे' हे काम नाही, इच्छा आहे. 'धडा ४, पहिली १२ उदाहरणं, वहीत सोडवून' हे काम, कारण ते संपलं की नाही ते कळतं. 'रिपोर्टचं पाहणे' याऐवजी 'रिपोर्टचा तक्ता भरून साहेबांना मेल' असं लिहा. शेवट कुठे ते ठरलेलं असेल तरच मिनिटं मोजता येतात.

आणि मिनिटं मोजायलाच हवीत, कारण आपला अंदाज जवळपास नेहमी आखूड निघतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पुरा होईल ते विचारलं होतं. त्यांचा अंदाज सरासरी ३३.९ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले ५५.५. अंदाज करताना आपण काम सुरळीत पार पडल्याचं चित्र डोळ्यांपुढे आणतो, मागच्या वेळी ते कुठं अडलं होतं ते आठवत नाही. 'आता नीट विचार करून अंदाज करीन' म्हटल्यानं ही सवय जात नाही. गुणक काढावा लागतो. आठवडाभर प्रत्येक कामापुढे दोन आकडे लिहा, आधी अंदाज आणि काम झाल्यावर खरी मिनिटं. पाच कामांचा अंदाज २०० मिनिटांचा होता आणि लागली ३१०, तर तुमचा गुणक दीडच्या थोडा वर. पुढच्या आठवड्यात जो अंदाज सुचेल त्याला त्यानं गुणा. वाचनाचा, गणिताचा आणि लिखाणाचा गुणक वेगळा येतो. लिखाणाचा सहसा सगळ्यात मोठा, कारण लिहायला बसल्यावरच आपल्याला काय माहीत नाही ते कळतं.

आता अनुशेष, म्हणजे राहून गेलेल्या कामांचा साठा. हा शब्द विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १९८४ मध्ये राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल आला तेव्हापासून तो आपल्या घरातलाच झाला आहे. (तो किती भरला, हा वेगळा विषय.) वेळापत्रक मोडतं ते बहुधा इथेच. सोमवारचं एक काम राहतं, ते मंगळवारवर ढकललं जातं, मंगळवारची दोन बुधवारवर, आणि गुरुवारी वही बघायचीच भीती वाटते. यावर उपाय असा की आठवड्यात दोन तुकडे मुद्दाम कोरे सोडा, एक बुधवारी, एक शनिवारी, विद्यार्थ्याला नव्वद मिनिटांचे, नोकरदाराला साठचे. त्यात आधीपासून काहीही लिहायचं नाही. सोमवारचं राहिलेलं काम मंगळवारवर जात नाही, अनुशेषाच्या पानावर जातं. मंगळवार आपल्या जागी शाबूत राहतो.

बुधवारी त्या पानावर दोन तुकड्यांत मावणार नाही इतकं साचलं असेल, तर तिथंच बसून निर्णय घ्या. काय छोटं करायचं, कशाची मुदत वाढवून मागायची आणि काय सरळ सोडून द्यायचं. तेच काम तीनदा अनुशेषात आलं, तर एक तर ते फार मोठं आहे, त्याचे तुकडे करा, किंवा ते तुम्हाला करायचंच नाही, मग लाल पेनानं काटा. 'काम करायची वेळ चुकली' आणि 'काम चुकीचं निवडलं' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि ते पानच तुम्हाला हे सांगतं.

वेळापत्रकाचे तयार नमुने मिळतात, पण ते बनवणाऱ्यांनी नागपूरचा मे पाहिलेला नसतो. पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी १२ ते ४ मध्ये डोकं चालत नाही, आणि यात आळसाचा काही संबंध नाही. आपल्याकडच्या शाळासुद्धा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटाला उघडतात. म्हणून एप्रिलच्या मध्यापासून दिवस उलटा मांडा. अवघड विषय पहाटे ५ ते ८:३०. सकाळी नळ आले की कूलरची टाकी काठोकाठ भरून टाका, नाहीतर ऐन दुपारी पंप कोरडा फिरतो आणि बादल्या आणण्यात पाऊण तास जातो. दुपारी हातानं करायची कामं घ्या: फॉर्म्युल्यांच्या चिठ्ठ्या, प्रिंट लावणं, वहीचे क्रमांक, फाइल आवरणं. कूलरच्या झोतात सुटे कागद घेऊन बसू नका, ते उडतात आणि ओलसर हवेत मऊ पडतात. क्लिपबोर्ड वापरा. झोप घ्यायची तर गजर लावून वीस-पंचवीस मिनिटं. तासभर घेतली की गाढ झोपेतून उठताना डोकं जड होतं आणि पुढचा तासही जातो. सायंकाळी ७ नंतर पुन्हा बसा.

पण यात एक पेच आहे आणि हुशार पोरंही त्यात सापडतात. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, पेपर मेच्या पहिल्या रविवारी दुपारी २ वाजता सुरू झाला. म्हणजे ज्या वेळी तुम्ही रोज डुलकी काढली, नेमकी तीच वेळ. त्यामुळे शेवटचे पाच-सहा आठवडे आठवड्यातून दोनदा सराव पेपर दुपारी २ ते ५ मध्येच सोडवा, हलकं जेवून, त्या दिवशी डुलकी न घेता. पहिल्या दोन पेपरांत गुण पडतील. घाबरू नका, ते तेव्हा पडलेलेच बरे.

उजळणीला वेळापत्रकात वेगळी जागा लागते आणि तीच कोणी देत नाही. शिकलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्यानं विसरलं जातं, हे हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून मांडलं. म्हणून नवा धडा झाला की त्याच रात्री दहा मिनिटं, मग तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. धडा होताच या तारखा वहीच्या त्या पानाच्या कोपऱ्यात टाकून ठेवा. आणि उजळणी म्हणजे पिवळ्या मार्करनं रंगवलेलं पुन्हा वाचणं नव्हे. पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, मग उघडून चुकलेलं तपासा. पुन्हा वाचल्यानं सगळं ओळखीचं वाटतं आणि 'येते' असा भास होतो, पेपरात मात्र ओळखायचं नसतं, आठवायचं असतं.

२५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं सुट्टी ही टोमॅटोची पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसानं १९८० च्या दशकाच्या शेवटी काढली. स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ त्यानं वापरलं, म्हणून ते नाव. बसायचाच कंटाळा येत असेल तर ती छान आहे. लांबलचक गणितं असतील तर पंचवीस मिनिटांत हात गरम होतो न होतो तोच घंटा वाजते, तिथं ५० आणि १० घ्या. मधल्या सुट्टीत मोबाइल उघडला तर ती सुट्टी राहत नाही. उठा, माठातलं पाणी प्या, गॅलरीत जाऊन या.

नोकरदारांचं दुखणं वेगळं. त्यांचा वेळ कामापेक्षा कामं बदलण्यात जातो. तक्ता भरता भरता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर 'अर्जंट' येतं, ते बघून परतलं की आधीचं बोट कुठं होतं तेच आठवत नाही. आपण दुसऱ्या कामावर गेलो तरी मनाचा एक भाग पहिल्यातच अडकून असतो. म्हणून उठण्याआधी दहा सेकंद द्या आणि चिठ्ठीवर एक ओळ लिहा: 'मार्चच्या रकान्यापर्यंत झालं, पुढे जीएसटीची बेरीज.' परत आल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही. निरोपांना दिवसात तीन वेळा ठरवा, समजा १०:३०, १:४५ आणि ४:४५. खरंच अर्जंट असेल तो फोन करतोच. वरून मध्येच काम आलं तर नाही म्हणायची गरज नाही, एवढंच विचारा: "सर, हे आजच करतो, मग हातातलं कोणतं उद्यावर ठेवू?" निर्णय त्यांचा, आणि तो दोघांच्याही लक्षात राहतो.

राज्य सरकारच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, वेळ ९:४५ ते ६:१५. म्हणजे सेतू केंद्रात किंवा तहसीलमध्ये एखादा दाखला काढायचा असेल तर शनिवार त्यासाठी ठेवू नका. विद्यार्थ्यांनो, हे तुमच्याही कामाचं आहे. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमीलेअर यांची मुदत कुठल्यातरी ३१ मार्चला संपते, आणि तुम्हाला ते आठवतं जूनमध्ये, प्रवेशाच्या रांगेत. प्लॅस्टिकच्या कप्प्यांची एक फाइल करा, प्रत्येक कप्प्यात मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स, कप्प्यावर मुदतीची तारीख मोठ्या अक्षरांत. कॉम्प्युटरवरच्या फाइलला नाव देताना आधी साल, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे त्या आपोआप क्रमानं लागतात. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरंच' या तिघांतली खरी कोणती ते कोणालाही सांगता आलेलं नाही.

वर्षाच्या कॅलेंडरवर आधी गावाचे दिवस भरा. पोळा, मारबतीची मिरवणूक, पोरांचा तान्हा पोळा, दीक्षाभूमीचा सोहळा, डिसेंबरातलं विधिमंडळाचं अधिवेशन. अधिवेशनात सिव्हिल लाइन्सच्या बाजूचे रस्ते वळवलेले असतात, मोर्चे असतात, तेव्हा अर्धा तास हाताशी धरूनच निघा. मारबतीच्या दिवशी महाल-इतवारीत राहणाऱ्यानं सकाळचा अभ्यास लिहूच नये, तो होणार नाही. मेट्रोनं जात असाल तर सीताबर्डीला नारंगीतून ॲक्वा मार्गावर बदलताना हातातलं आवरावंच लागतं, म्हणून प्रवासात चिठ्ठ्या किंवा ऐकायचं ठेवा, गणित नको.

आणि ॲप कोणतं, असं विचाराल तर फोनबरोबर आलेलं कॅलेंडर पुरतं, तेही फक्त ज्यांना ठरलेली वेळ आहे अशा गोष्टींसाठी. बाकी सगळं वहीत. रविवारी सायंकाळी वीस मिनिटं बसून आठवड्याचं पान करा, आधी कोरे तुकडे, मग मुदतीची कामं, मग बाकी. बसायच्या जागेसमोर भिंतीवर एक साधं घड्याळ लावा, टिकटिक न करणारं. वेळ पाहायला मोबाइल उचलला की अर्ध्या तासानं खाली ठेवला जातो, तुमच्या तीन दिवसांच्या नोंदीत ते आलंच असेल.