किलोमीटर नव्हे, चढ मोजायला शिकलो

आमचं मूळ काम सायकलदुरुस्तीचं. कोथरूडमध्ये छोटा गाळा. चाकांचा आउट काढायचा, गिअर लावायचे आणि रविवारी गिऱ्हाइकांबरोबरच सिंहगड नाहीतर बोपदेव घाट गाठायचा. त्या रविवारच्या मंडळींनीच एकदा गळ घातली, ‘इटलीला न्या आम्हाला.’

मी त्याआधी एका ऑक्टोबरात टस्कनीतल्या गायोले इन किआंतीला जाऊन आलो होतो. तिथे ‘एरोइका’ ही सायकलफेरी भरते. १९८७ पर्यंतच्या जुन्या सायकली, लोकरी जर्सी आणि पांढऱ्या खडीमातीचे रस्ते. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत, या तळमळीतून १९९७ मध्ये ती सुरू झाली. परतल्यावरही ते रस्ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

पहिल्या सहलीला आठजण होते. आखणी मी केली आणि पुण्याच्या हिशेबाने केली. रोज ९० किलोमीटर, रोज नवं गाव. लोणावळ्याला जाऊन येणाऱ्यांना ९० काय जड? पण किआंतीत सपाटी अशी नाहीच. राद्दा, कास्तेल्लिना ही सगळी गावं डोंगराच्या माथ्यावर. उतरून ओढा गाठायचा, की लगेच पुढच्या गावासाठी चढायचं. ९० किलोमीटरमध्ये उंचीचा दीड हजार मीटरहून जास्त चढ साचतो, म्हणजे सिंहगड दोनदा चढल्यापेक्षा जास्त. त्यात उशीर झाला की गावातली दुकानं दुपारची बंद. दोन दिवस आमची माणसं बिस्किटांवर चालली.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती, कारण हात रोज ब्रेकच्या तारांवरच असतात. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला, तिकडे डाव्या. भाड्याच्या सायकलवर पहिल्याच उतारावर एकाने सवयीने डावा ब्रेक दाबला आणि तो हँडलवरून पुढे गेला. कोपरावर निभावलं. पण ती चूक माझी होती.

तिसऱ्या दिवशी व्हाल द’ओर्चाच्या खोऱ्यात एक काकू सायकल आडवी टाकून सुरूच्या झाडाखाली बसल्या. म्हणाल्या, ‘‘अरे, मी इथे बघायला आले. काल दिवसभर पुढच्याच्या मागच्या चाकाशिवाय मला काही दिसलं नाही.’’

त्या रात्री सगळी आखणी फाडली. तेव्हापासून आम्ही आधी चढ ठरवतो, अंतर नंतर. दिवसाला फार तर ८०० मीटर. मग किलोमीटर ४० भरोत की ५५. मुक्कामाची ठिकाणं दोनच: चार रात्री किआंतीत, तीन व्हाल द’ओर्चातल्या पिएन्त्साजवळ, तीही शेतावरच्या घरांत. ज्याला दमल्यासारखं वाटेल त्याने एक दिवस द्राक्षमळ्याकडे बघत बसावं, सामान बांधायची घाई नाही. सकाळी आठला निघायचं, साडेबाराला जेवायला टेकायचं. शाकाहारी मंडळींना रिबोल्लिता, म्हणजे शिळा पाव, घेवडा आणि काळ्या कोबीचं दाट सूप, फार आवडतं. पार्मेझान चीजमध्ये मात्र वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, असतं, हे आम्ही निघण्याआधीच सांगतो. ताटात आल्यावर सांगणं बरं नव्हे.

जायचं मेअखेरीला किंवा सप्टेंबरात. जुलै-ऑगस्टचं ऊन नको, आणि १५ ऑगस्टच्या आसपास तिकडे सगळा देशच सुट्टीवर असतो. व्हिसासाठी मुक्काम आधी पक्के लागतात, म्हणून सप्टेंबरची यादी आम्ही जानेवारीत बंद करतो. टायर ३२ मिलिमीटरचे मागतो. त्याहून बारीक टायर पांढऱ्या रस्त्यावर मनगटं मोडतात. शेवटचा दिवस सिएनाचा. २००७ पासून होणाऱ्या ‘स्त्रादे बियांके’ शर्यतीतला सांता कातेरिनाचा तो १६ टक्क्यांचा चढ आमची बरीच मंडळी सायकल हातात धरून चढतात, आणि वर पियाझ्झा देल काम्पो या मुख्य चौकात पोहोचल्यावर एकमेकांना मिठ्या मारतात.

यंदाच्या यादीत पहिलं नाव त्याच काकूंचं आहे. तिकडच्या भाड्याच्या सायकलवाल्याला पाठवायच्या कागदावर त्यांची उंची लिहिली आहे आणि खाली, सगळ्यांच्याच नावापुढे लिहितो ते: पुढचा ब्रेक उजवीकडे.