बाकी एक

"अकरा निंघाल्या," माझ्या मोठ्या पोरानं जाहीर केलं आणि ओसरीवर एकदम चिडीचूप झालं.

संत्र सोललं की आधी फोडी मोजायच्या आणि मग खायचं, ही आमच्या घरची रीत. दहा निघाल्या तर सगळं सुरळीत. बारा निघाल्या तर सणच. नऊ नाहीतर अकरा निघाल्या की मला पोळ्यांचा गॅस बारीक करून बाहेर यावं लागतं. मोठा चौथीत आहे, लहाना पहिलीत. मोठ्याचा भागाकार शिकून झालाय, त्यामुळे तो हल्ली भांडणातही मास्तरांच्या सुरात बोलतो. "पाच दुणे दहा, बाकी एक." लहान्याला बाकी म्हणजे काय ते कळत नाही. ती कुठं ठेवलीय तेवढं बरोबर कळतं.

बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यातली पोरं संत्री तुडवत शाळेत जात असतील. तसं काही नाही. बाग व्यापारी झाडावरच घेतो. तोडणी झाली की पाठमोरा ट्रक दिसतो, आणि घरी उरते ती चुरी. लिंबाहून जरा मोठी, पेटीत न शोभणारी, पण गोडीला कधीकधी मोठ्या फळालाही मागं टाकणारी. (बांगलादेशानं आयात शुल्क वाढवल्यापासून बरा मालही चुरीच्या वाटेनं निघालाय. पण तो विषय निघाला की यांचा चहा तसाच राहतो, म्हणून जाऊ द्या.) सांगायचं इतकंच, की चुरीचं टोपलं भरून ठेवलेलं असतं आणि तरीही माझी पोरं एकाच संत्र्याच्या अकराव्या फोडीवर अडून बसतात. "दुसरं घे न रे!" म्हटलं तर दोघंही माझ्याकडं असे पाहतात, जसं काही मला मुद्दाच कळला नाही.

वाटणीचा एक जुना नियम आमच्या घरात आहे. एकानं वाटे पाडायचे, दुसऱ्यानं आधी उचलायचा. हा माझा शोध नाही, मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. पुढं येईलच ते. मी तो स्वयंपाकघरात आणला, कारण रोजच्या न्यायाधीशगिरीनं माझा जीव मेटाकुटीला आला होता. पातोड्यांची थापलेली थाळी, शेजारणीनं पाठवलेला खरवस, आमलेट, सगळ्याला तोच कायदा. मोठा कापणार, लहाना उचलणार.

पहिल्या दिवशी मोठा शाळेच्या दप्तरातली पट्टी घेऊन आला. आमलेट गोल, पट्टी सरळ. मध्य काढता काढता आमलेट गार झालं. लहान्यानं बराच विचार करून एक अर्धा उचलला आणि उचलल्याबरोबर त्याला दुसरा मोठा दिसायला लागला. मोठ्यालाही आपला उरलेला वाटा लहानच दिसला. कायदा चोख होता, पण दोघंही फुगून जेवले.

मग पळवाटा सुरू झाल्या. खरवसाची वडी मोठा सुरी तिरपी धरून कापायचा. वरून पाहावं तर दोन्ही तुकडे सारखे, उलटून पाहावं तर एक खालून कोरलेला. लहान्याला हे दोनदा नडलं. तिसऱ्यांदा त्यानं जो उपाय काढला त्याला तोड नाही. त्यानं दोन्ही तुकडे आधी चाटले आणि मग शांतपणे म्हणाला, "आता उचलतो." त्या दिवशी संबंध खरवस त्यालाच मिळाला. मी रागावले खरी, पण चुलीकडं तोंड करून.

"सगळं दोन-दोन आणत जा, भांडण मिटते," असं माझी आई फोनवर सांगते. तिला आम्ही तिघी मुलीच होतो, आणि तिच्या आठवणीत आम्ही कधी भांडलोच नाही. तिचंही करून पाहिलं. बाजाराच्या दिवशी सारखे दोन लाल चेंडू आणले, एकाच दुकानातून, एकाच जाळीतून. संध्याकाळपर्यंत त्यातला एक 'चांगला' आणि एक 'भिकार' ठरला होता. कोणता कोणता, हे मला आजतागायत ओळखता आलेलं नाही. आठवड्यानं एक चेंडू विहिरीत गेला. मग उरलेला कोणाचा, यावर पंधरा दिवस निघाले. दोघांचंही ठाम म्हणणं एकच, की बुडाला तो तुझा.

पण खरा कस लागतो उन्हाळ्यात. मे महिन्यात आमच्याकडं पारा ४५ च्या वर चढतो. रात्री अकरापर्यंत भिंती तव्यासारख्या तापलेल्या असतात. घरात कुलर एक, लोखंडी पत्र्याचा, तीन बाजूंनी ताट्या, आणि त्याला एक खोड आहे. तो डावीकडं जास्त हवा फेकतो. म्हणजे डावीकडची जागा म्हणजे महाबळेश्वर आणि उजवीकडची म्हणजे आपलं गाव. दोन-तीन रात्री रडारड झाल्यावर मोठ्यानं स्वतःहून तोडगा आणला. विषम तारखेला तो डावीकडं, सम तारखेला लहाना. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलनं खुणाही करून दिल्या. मला त्याचा अभिमान वाटला. मे संपेपर्यंत वाटला.

३१ मे ला मोठा डावीकडं झोपला. १ जूनलाही मोठाच डावीकडं. लहाना कॅलेंडरसमोर बराच वेळ उभा होता. त्याला सम-विषम अजून नीट येत नाही, पण काल हाच होता न आजही हाच, हे कळायला गणित लागत नाही. त्यानं जी बोंब ठोकली ती पलीकडं भाऊजींच्या घरापर्यंत गेली.

आता हा सम-विषमचा हिशेब पोरानं कुठून उचलला? आमच्या विहिरीवरून.

सहा वर्षांपूर्वी मामाजींनी दोघा भावांच्या वाटण्या केल्या. वावर सहा एकर, सातबाऱ्यावर २ हेक्टर ४३ आर. मामाजी स्वतः धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, आंब्याखाली बसले आणि म्हणाले, "मोठ्यानं वाटे पाडा, लहान्यानं उचला. मी बोलत नाही." यांनी दोरी घेऊन दोन दिवस वावर मोजलं. झाडं मोजली. संत्र्याची लागण सहा बाय सहा मीटरवर, हेक्टरी २७७ झाडं बसतात, त्यातली डिंक्या रोगानं गेलेली वजा करून कोणाकडं किती जिती येतात तेही मांडलं. यांच्या मनात रस्त्याकडचा वाटा होता, आणि कोणाच्या मनात नसणार? भाऊजींनी तोच उचलला. यांनी 'हो' म्हटलं, घरी आले, आणि त्या रात्री जेवले नाहीत. मी तेव्हा यांची समजूत काढली होती. आमलेट गार होताना पाहून मला ती रात्र पुष्कळदा आठवते.

कागदावर दोघांना १ हेक्टर २१ आर, १ हेक्टर २१ आर आलं. बेरीज करून पाहा, एक आर उरतो. त्या एका आरात विहीर आहे, मोटरीची खोली आहे आणि आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, वांग्या-सांबाराच्या (कोथिंबिरीच्या) चार ओळी आहेत. ते सामाईक. पाण्याची पाळी ठरली तारखेनं, विषम आमची, सम भाऊजींची. शेतीची लाईन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, त्यामुळे तारीख बदलते ती भर अंधारात, बॅटरी घेऊन. वरुड-मोर्शीकडचं जमिनीतलं पाणी इतकं उपसलं गेलंय की आमच्याइथं बापाच्या वारशापेक्षा पाण्याच्या पाळीवर माणूस जास्त बारीक लक्ष ठेवतो. ३१ तारखेचा घोळ पहिल्याच वर्षी उघडा पडला होता. ३१ ला आमची मोटर चालली, १ ला पुन्हा आमचीच, आणि भाऊजी मोटरीच्या खोलीसमोर काही न बोलता उभे. शेवटी आत्याबाईंनीच निकाल दिला. "३१ तारीख माही. माह्या वांग्याले." तेव्हापासून ३१ ला मोटर म्हातारीसाठी चालते. वांग्याच्या चार ओळींना असं किती पाणी लागणार? अर्ध्या तासात भिजतात. बाकीचा दिवस विहिरीला झरायला मिळतो.

तोच निकाल मी कुलरला लावला. ३१ तारीख माझी. दोघंही पटकन कबूल झाले. मोठा जरा जास्तच पटकन. त्याचं कारण मला नंतर कळलं. कुलर चालतो एप्रिल, मे आणि जूनच्या पावसापर्यंत. त्यात ३१ तारीख एकच. म्हणजे वर्षाकाठी महाबळेश्वरात माझी एक रात्र.

बरं, मी त्या रात्री तरी गारव्यात एकटी झोपते का? नाही. रोजच्यासारखीच मधे. आणि मधल्या माणसाचा प्रश्न निराळाच आहे. "आई, माह्याकडं तोंड कर." केलं. "आई, आता माह्याकडं." तिकडं केलं. आधीचा पाठीत गुडघे रोवतो. वाटे पाडायचे आणि उचलायचे हा कायदा इथं कामाला येत नाही. मग मी उताणी झोपते आणि टिनाच्या पत्र्याकडं पाहते. तेही त्यांना चालत नाही. लहान्याच्या मते माझं नाक दादाकडं असते.

अशाच एका रात्री दोघांच्या मधे गुंडाळलेली चादर ठेवून लहाना झोपेच्या धुंदीत म्हणाला, "दादा, माहा धुरा कोरू नको."

मी उठूनच बसले. हे बोलणं पहिलीच्या पोराचं नाही. दोन वर्षांपूर्वी पेरणीच्या आधी ट्रॅक्टरवाल्यानं आमचा धुरा चार बोटं कोरला. मुद्दाम की चुकून, देव जाणे. यांनी भाऊजींना विचारलं, भाऊजींनी उलट विचारलं, आणि त्या हंगामात दोघा भावांचं बोलणं बंद झालं. चार बोटं! एवढ्या जागेत पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, एक ओळ बसत नाही. आम्ही जावा भाजीच्या वाट्या भिंतीवरून देत राहिलो, म्हाताऱ्या-म्हातारीनं दोन्ही घरी जेवण सुरू ठेवलं, आणि आम्हाला वाटलं पोरं लहान आहेत, यांना काय कळते. पाण्याची पाळी मात्र त्या दिवसांतही एकदा चुकली नाही. हे आमच्या दिवशी मोटर लावायचे आणि बाराच्या ठोक्याला बंद करून यायचे. एकदा भाऊजी तापानं पडले होते, तर सम तारखेला रात्री उठून यांनीच जाऊन त्यांच्या बागेला पाणी सोडलं. सकाळी कोणी त्याबद्दल बोललं नाही. मीही विचारलं नाही. चपला चिखलानं भरलेल्या होत्या, त्या धुऊन ठेवल्या.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा भरतो. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा हा पोरांचा सण. चाकांवरचा लाकडी बैल सजवायचा, पारावर न्यायचा, आणि मग घरोघरी फिरून बोजारा (खाऊचे पैसे) मागायचा. आमच्या घरचा बैल सागवानी आहे, मामाजींनी यांच्यासाठी आणि भाऊजींसाठी करून घेतलेला. एक शिंग तुटलेलं, एक चाक नंतरचं. वाटणीत पितळी गुंडापासून पाट्या-वरवंट्यापर्यंत सगळ्याची यादी झाली, पण हा बैल यादीत घालायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. तो आत्याबाईंच्या माळ्यावरच राहिला. गेल्या पोळ्याला ठरलं, जाताना दोरी मोठ्याच्या हातात, येताना लहान्याच्या. तुटलेलं शिंग कोणत्या बाजूला दिसतं यावरून जरा कुरबुर झाली, पण निघाले.

घोटाळा झाला बोजाऱ्यानं. कोणी ११ दिले, कोणी २१, भाऊजींनी ५१. शुभाचा आकडा कधी जोडीत येतच नाही, वर एक रुपया असायचाच. प्रत्येक घरी बाकी एक! घरी येऊन दोघांनी पैसे पसरले. मोठ्यानं वरचे सगळे रुपये बाजूला काढले आणि हॉर्लिक्सच्या रिकाम्या बरणीत टाकले. मग लहान्याच्या हातून बरणीवर कागद चिकटवला आणि त्यावर लिहिलं, 'सामाईक'. त्यातली ई चुकली होती. मी सुधारली नाही. बरणीचं झाकण मोठ्याकडं राहील आणि बरणी लहान्याकडं, असंही ठरलं, म्हणजे एकट्याला कोणालाच काही काढता यायचं नाही. (झाकण नसलेल्या बरणीतून पैसे सहज निघतात हे मोठ्याच्या चार दिवसांनी ध्यानात आलं.)

तर ती अकरावी फोड.

मी हात पुसत बाहेर आले तेव्हा फोडी ओसरीवर दोन रांगांत मांडलेल्या होत्या, पाच आणि पाच, आणि मधे एक. दोघंही तिच्याकडं टक लावून. इतक्यात भिंतीच्या फटीतून भाऊजींची चिमणी आली. वाटणीनंतर अंगणात भिंत घातली तेव्हा आत्याबाईंना जायला-यायला म्हणून एवढी फट ठेवली होती. चार वर्षांची पोरगी, फ्रॉकला माती, हातात काडी. ती येऊन सरळ मधोमध बसली.

"मले पण."

"घे," लहान्यानं उदार होऊन मधली फोड तिच्यापुढं सरकवली. भांडण मिटत असेल तर त्याची एका फोडीला हरकत नव्हती.

तिनं आपल्यासमोरची एक फोड पाहिली. मग या दोघांसमोरच्या पाच-पाच पाहिल्या. मग खालचा ओठ पुढं आला.

मोठ्यानं घाईघाईनं सगळ्या फोडी पुन्हा एकत्र केल्या. "थांब, थांब. अकरा भागिले तीन. तीन त्रिक नऊ. बाकी..." त्याचा चेहरा पडला. "बाकी दोन."

त्यानं टोपल्यातली दुसरी चुरी घेतली आणि सोलायला लागला. मला वाटलं होतं हे त्याला कधीच सुचणार नाही. तिच्यात दहा निघाल्या. सगळ्या मिळून एकवीस. तिघांपुढं सात-सात फोडी पडल्या आणि मधली जागा रिकामी राहिली. लहान्यानं ओसरी वाकून पाहिली, खरंच काही उरलं नाही ना म्हणून.

"आणि मले?" मी विचारलं.

मोठ्यानं हातावर मोजलं. चार जण, एकवीस. मग टोपल्याकडं पाहिलं.

"आई, तिसरं सोला लागते."