सायकल, यशिका आणि सात रोल

काल फिल्मचा सातवा रोल धुतला. बारापैकी नऊ फ्रेम जशा हव्या होत्या तशा आल्या, म्हणून ही नोंद. मधले तीन रोल जवळजवळ वाया गेले, त्याचंच जास्त सांगतो.

नोकरी नदीपलीकडं, वडणग्याच्या बाजूला. सायकल वडिलांची, काळी, मागं डबल स्टँडवाली. कोल्हापुरात रंकाळ्यावरून गंगावेशीत, तिथून शिवाजी पूल. नोव्हेंबरपासून तासभर आधी निघतो आणि सोबत यशिका मॅट १२४ जी असते, दोन लेन्सचा फिल्म कॅमेरा: वरच्या लेन्सचं चित्र माथ्यावरच्या काचेत वाकून बघायचं, खालची लेन्स फोटो काढते. १२० चा रोल, सहा बाय सहाची चौकोनी फ्रेम, एका रोलला बारा फोटो. वजन किलोच्या थोडं वर. डब्यापेक्षा जड, पण खांद्याला त्रास होईल इतकं नाही.

सुरुवातीला कॅमेरा कॅरियरवरच्या पिशवीत ठेवायचो. ही चूक. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्याची कडा उखडलेली असते आणि जुन्या सायकलीला हादरे गिळायची सोय सीटच्या स्प्रिंगांपुरतीच. ते स्प्रिंग माझ्यासाठी, कॅमेऱ्यासाठी नाहीत.

चौथ्या रोलला कळलं. वडणग्याच्या अलीकडं एक गुऱ्हाळ आहे. तिथल्या गुळव्याचा, म्हणजे गूळ करणाऱ्याचा, फोटो काढला होता, रस उकळायच्या काहिलीवर वाकलेला. निगेटिव्ह उजेडाला धरली तर चेहरा बधिर आणि मागच्या भिंतीला टेकवलेली चिपाडं लख्ख. आधी वाटलं माझाच फोकस चुकला. मग तिसऱ्या रोलच्या जवळून घेतलेल्या फ्रेम बघितल्या. सगळीकडं तेच, फोकस मागं सरकलेला.

ज्यांच्याकडं दोन लेन्सचा कॅमेरा आहे त्यांनी हे करून बघा. रोल नसताना मागचं झाकण उघडायचं, फिल्म जिथून जाते त्या पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवायचा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) उघडं धरायचं आणि लांबची पाण्याची टाकी बघायची. माझ्याकडं फोकसचा नॉब अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेवर, असताना कागदावर टाकी अगदी स्वच्छ होती, वरच्या काचेवर मात्र काही केल्या स्पष्ट होईना. म्हणजे फोटो काढणारी खालची लेन्स ठीक, बघायची वरची लेन्स हादऱ्यांनी सैल होऊन किंचित बाहेर फिरलेली. तिला धरून ठेवणारे बारीक स्क्रू ढिले झाले होते. टाकीवर नजर ठेवून लेन्स हळूहळू आत फिरवली, स्क्रू आवळले आणि त्यावर बायकोच्या नेलपॉलिशचा एकेक थेंब. अजून हललेले नाहीत.

आता कॅमेरा गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून छातीशी आडवा बांधतो. हादरे अंगात जिरतात. क्रँक फोटो काढायच्या वेळीच फिरवतो, शटर ताणलेलं ठेवून खड्ड्यांतून जायचं नाही.

उजेड मोजणाऱ्या मीटरचं सांगायचं तर तो पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर बेतलेला, तो सेल आता बनत नाही. साधा दीड व्होल्टचा घातला की मीटर थापा मारतो. कडक उन्हात ४०० च्या फिल्मला लेन्सचं छिद्र एफ १६ आणि शटर १/५०० सेकंद, हा हिशेब कागदावर लिहून हँडलला चिकटवलाय. नदीवर धुकं असलं की मोबाइलचा मीटर बघतो आणि एक स्टॉप वाढवतो, म्हणजे दुप्पट उजेड घेतो, नाहीतर धुकं राखाडी चिखल होतं.

ट्रायपॉड नेत नाही. डबल स्टँडवर सायकल सरळ उभी राहते. सीटवर कॅमेरा डुलतो, पण कॅरियरवर गोधडी टाकून ठेवला की १/१५ सुद्धा चालतं, आणि वरून वाकून बघायच्या कॅमेऱ्याला ती उंची बरोबर बसते. माती भुसभुशीत असेल तर स्टँडखाली चपटा दगड.

तसाच परत गुऱ्हाळावर गेलो. गुळव्यानं काचेत डोकावून बघितलं.

"आवो, त्यो पोरगा डावीकडं चाललाय आन् ह्यात उजवीकडं पळतोय की!"

आरशामुळं उलटं दिसतं म्हटलं. त्यावर चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या पोराला त्यांनी तीनदा इकडून तिकडं चालायला लावलं. काहील उतरायची वेळ झाली तेव्हा कुठं मला कॅमेरा परत मिळाला. एफ ३.५, १/१५, दोन फ्रेम. दुसऱ्या फ्रेममध्ये वाफ आणि चेहरा दोन्ही आहेत, दाढीचे खुंट मोजता येतील इतका स्वच्छ.

धुलाईत एकच अडचण, पाण्याचं तापमान. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर हवा आणि फेब्रुवारी सरत आला की नळाचं पाणी ऐकत नाही. डेव्हलपरचा जग माठातल्या पाण्यानं भरलेल्या घमेल्यात उभा करतो, वर बर्फाचे दोन तुकडे. घरचे म्हणतात माठ पिण्यासाठी आहे.

आठवा रोल कॅमेऱ्यात आहे, पाच फ्रेम झाल्यात. गुळव्यासाठी आठ बाय आठची प्रिंट काढायला टाकलीय. चुलवाण विझायच्या आत त्यांना पोचवायची.