8 मिमीचे हलके काँक्रीट कौल : साचे, मसाला आणि पावसाळ्यातले ओतकाम

गोव्यातल्या डिचोलीच्या शेडमध्ये चाललेल्या कौलांच्या कामाची ही पुढची नोंद. साचे तयार झाले, कंपन देणारे टेबल मार्गी लागले, मसाल्याचे प्रमाण ठरले. आढ्याची कौले अजून बाकी आहेत, त्यांचे शेवटी.

आधी एक मुद्दा, कारण विचारणा पुन्हा पुन्हा तीच येते : कौल हलके करायचे तर मसाल्यात परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके दाणे), थर्माकोलचे दाणे किंवा फेस का घालत नाही? उत्तर असे, की कौलाचे वजन जाडीतून कमी करायचे, काँक्रीट पोकळ करून नाही. परलाइटचा दाणा पाणी धरतो. भिंतीच्या ब्लॉकमध्ये ते चालते, तिथे बाहेरून गिलावा असतो. आठ मिलिमीटरच्या कौलाला गिलावा नसतो. गोव्यात जून ते सप्टेंबर सरासरी 3000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीच्या बाजूला त्याहून जास्त. सच्छिद्र कौल अशा पावसात आठवडेच्या आठवडे ओले राहते, खालून ठिबकते, वरून शेवाळ धरते आणि जे वजन वाचवले ते पाण्याच्या रूपाने परत घेते. उलट घट्ट, बारीक दाण्याचे, नीट कंपन दिलेले काँक्रीट 8 मिमीतही पाणी अडवते. आम्ही याच वाटेने चाललो आहोत. याला सूक्ष्म काँक्रीटचे कौल म्हणतात. भारतात त्याचा प्रसार मुख्यतः दिल्लीच्या डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्ह्ज या संस्थेने केला.

वजनाचा हिशेब असा. आमचे कौल 500 × 250 मिमी, वरचा चढाव (एका कौलावर दुसरे चढते तो भाग) 100 मिमी आणि बाजूचा 50 मिमी, म्हणजे उघडे क्षेत्र 400 × 200. चौरस मीटरला 12.5 कौले बसतात. सुकलेले कौल साधारण 2.3 किलोचे, तेव्हा छपरावर चौरस मीटरला जेमतेम 29 किलो. मंगळुरी कौले चौरस मीटरला पंधरा-सोळा लागतात आणि एकेक दोन ते तीन किलोचे असते, म्हणजे कोरडेच 40 किलोच्या आसपास. भट्टीचे कौल स्वतःच्या वजनाच्या 18-20 टक्क्यांपर्यंत पाणी पिऊ शकते, ते भर पावसात वेगळे. कारखान्यात दाबून काढलेले जाड काँक्रीट कौल चौरस मीटरला 40 किलोच्या पुढेच जाते. जुन्या वाशांच्या घराला हा फरक जाणवतो.

6 मिमीपर्यंत का उतरत नाही, तेही सांगून टाकतो. सपाट तुकड्याची वाकण्यातली ताकद जाडीच्या वर्गाने बदलते. 8 वरून 6 वर आलो की वजन 25 टक्के घटते, पण ताकद 44 टक्के जाते. पूर्ण कौल त्याच्या वळणामुळे लांबीच्या दिशेने बरेच तग धरते, मात्र दुरुस्तीला चढलेल्या माणसाची टाच किंवा माकडाची उडी एकाच जागी पडते आणि तिथे जाडीच कामी येते. माडाखालच्या घराला तर 10 मिमीच घ्या.

साचे

मूळ नमुना फणसाच्या लाकडात कोरून, पॉलिश करून घेतला आणि त्यावरून फायबरचे साचे काढले. गोव्यात फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर आहेत, त्यांना हे काम नवे नाही. फक्त दोन गोष्टी बजावून सांगायच्या : साच्याला मागून दोन आडव्या पट्ट्या हव्यात, नाहीतर एकावर एक रचल्यावर तो पिळतो, आणि सगळे साचे एकाच नमुन्यावरून हवेत, साच्यावरून साचा काढायचा नाही. पिळलेल्या साच्यातले कौल छपरावर तीनच कोपऱ्यांवर बसते, चौथा हलतो आणि वाऱ्याचे पाणी तिथून आत शिरते. प्रत्येक साचा काचेवर ठेवून तपासा. कोपरा 2 मिमीहून जास्त उचलला तर तो बाजूला काढा.

रोज जितकी कौले हवी तितके साचे लागतात, कारण कौल साच्यात किमान 24 तास राहते.

टेबल

6 मिमी पोलादी पत्र्याचा माथा, चार कोपऱ्यांना रबराचे बूच, खाली पाव हॉर्सपॉवरची 2800 फेऱ्यांची मोटर आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला जड केलेले वजन. कंपन सगळीकडे सारखे आहे का, हे पाहायला माथ्यावर कोरडी वाळू पातळ पसरून मोटर चालू करा. वाळू एकाच कोपऱ्यात पळाली तर तो कोपरा कमी हलतो आहे किंवा टेबल पातळीत नाही. रबर बदलून आणि मोटर मध्यावर सरकवून हे सुटते. शेडच्या जमिनीला टेबल बोल्टने आवळू नका, अर्धे कंपन जमीन खाते.

मसाला

ओपीसी 53 (साधे पोर्टलंड, 53 ग्रेडचे) सिमेंट, वाळू आणि पाणी 1 : 3 : 0.5, सगळे वजनाने. दहा कौलांचा घाणा :

सिमेंट 5.5 किलो
वाळू, कोरड्या वजनाने, 16.5 किलो
पाणी एकूण 2.75 लिटर
12 मिमीचा पॉलिप्रोपिलीन धागा 10 ग्रॅम

50 किलोच्या गोणीत असे नऊ घाणे, म्हणजे 90 कौले. 100 चौरस मीटर छपराला 1250 कौले, फूटतूट धरून पंधरा गोणी.

नदीची वाळू गोव्यात मिळवणे कठीण आहे, म्हणून मुख्य भर एम-सँडवर, म्हणजे दगड फोडून केलेल्या वाळूवर. तिचा दाणा टोकदार असतो, पाणी जास्त मागतो. तीन भाग एम-सँडला एक भाग बारीक गोल वाळू मिळाली तर मसाला फळीखाली सहज पसरतो. नाही मिळाली तर सिमेंटच्या अर्धा टक्का सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता मसाला पातळ करणारे रसायन), पाणी वाढवायचे नाही. चाळण 4 मिमीची : कौलाच्या जाडीच्या निम्म्याहून मोठा दाणा आत गेला की त्याच्याभोवती फट राहते आणि गळती तिथूनच होते. किनाऱ्यावरची वाळू घेऊच नका, मीठ धुऊन पूर्ण जात नाही. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भुकटीही नको. तिच्यात माती असते आणि ती पाणी पिते.

धागा ताकदीसाठी नाही. पहिल्या काही तासांत, काँक्रीट अजून कोवळे असताना, वाऱ्याने पडणाऱ्या केसासारख्या चिरा तो रोखतो. काथ्या घरचा आहे, घालावा का, हा प्रश्न आपल्याकडे येणारच. सुरुवातीच्या काळात अशा कौलांत काथ्या, घायपात घालतच. सिमेंट अल्कलीयुक्त असल्याने नैसर्गिक धागा काही वर्षांत ठिसूळ होतो आणि मग कौलात धाग्याच्या जागी नुसती पोकळी उरते. काथ्या घायपातापेक्षा जास्त टिकतो, तरी शेवट तोच. म्हणूनच पुढे धागा वगळून दाणा नीट निवडण्याकडे हे तंत्र वळले.

ओल्या वाळूचा हिशेब

पावसाळ्यात ओतकाम करणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. बिघडलेल्या घाण्यांचे सगळ्यात मोठे कारण इथे आहे.

वाळू ओली असली की दोन गोष्टी होतात. एक, ती फुगते : पाच टक्के ओलाव्याला बारीक वाळूचे आकारमान पाव पटीनेही वाढू शकते, म्हणून घमेल्याने मोजलेली वाळू प्रत्यक्षात कमी भरते. दोन, ती स्वतःचे पाणी घाण्यात आणते. पाच टक्के ओलावा असलेली वाळू काट्यावर 16.5 किलो भरली, तर तिच्यात कोरडी वाळू 15.7 किलो आणि पाणी पाऊण लिटरहून जास्त. वरून ठरल्याप्रमाणे 2.75 लिटर ओतले, की सिमेंटमागे पाणी 0.5 ऐवजी 0.64 होते. घाणा दिसायला छान लोण्यासारखा लागतो, गवंडी खूश होतो आणि तेच कौल पाण्याच्या टाकीतून काढून टिचकी मारली की मंद वाजते, म्हणजे कच्चे निघते.

उपाय सोपा आहे. दर सकाळी आणि वाळूचा ढीग बदलला की 500 ग्रॅम वाळू ढिगाच्या मधून घ्या, तव्यावर मोकळी कोरडी होईपर्यंत भाजा, पुन्हा वजन करा. 476 ग्रॅम उरली तर ओलावा पाच टक्के (24 भागिले 476). मग वाळू 17.3 किलो मोजायची आणि पाणी 1.92 लिटरच घालायचे. वाळू ताडपत्रीखाली, उंचवट्यावर ठेवा. ढिगाचा तळ नेहमी जास्त ओला असतो, तो वापरताना वेगळे मोजमाप.

ओतणे

टेबलावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर 500 × 280 × 8 मिमी आतल्या मापाची चौकट. रुंदी 280 अशासाठी, की वळणावर बसल्यावर ती 250 भरते. मोजून 2.4 किलो मसाला मध्ये टाकायचा, मोटर चालू करून थापीने कोपऱ्यांकडे न्यायचा, फळी ओढून सपाट करायचा. 40 ते 45 सेकंदांत पृष्ठभागावर ओलसर चकाकी येते, बुडबुडे थांबतात. तिथे थांबा. आणखी चालवले तर सिमेंटचे पाणी वर आणि वाळू खाली, असे दोन थर पडतात.

मग वरच्या काठाशी अडकवण, म्हणजे रिपेवर (वाशांवरच्या आडव्या पट्टीवर) बसणारा गट्टू : 60 × 25 × 20 मिमीची छोटी पेटी भरून, तीत तारेचा फास खोचून, आणखी चार-पाच सेकंद कंपन. गट्टू वरून बसवतो, म्हणजे कागदाकडची गुळगुळीत बाजू छपरावर आकाशाकडे येते. साच्याचे वळण त्यानुसार उलटे धरले आहे. तार तांब्याची किंवा स्टेनलेसची. साध्या जस्ती तारेला किनारपट्टीची खारी हवा लवकर खाते, गंज फुगतो आणि गट्टू आतून फुटतो.

चौकट उचलून कागद दोन हातांनी साच्यावर ओढायचा, एकाच संथ हालचालीत. उंचवट्यावर आडवी चीर पडली तर मसाला कोरडा आहे किंवा हिसका बसला. मसाला उंचवट्यावरून घसरून पन्हळीत जमला तर पाणी जास्त. असे कौल वरून एकसारखे दिसते, फोडून कॅलिपर लावल्यावर उंचवट्यावर 6 आणि पन्हळीत 10 मिमी निघते. दर बॅचमधले एक कौल मुद्दाम फोडून हे मोजावेच. 1 मिमीहून जास्त फरक असलेली बॅच छपरावर चढवायची नाही, गोठ्याच्या फरशीखाली घालायची.

पाणी

24 तासांनी कागद सोलून, कडा पत्रीने साफ करून कौले टाकीत उभी. सात दिवस पूर्ण बुडालेली. टाकीतले पाणी बदलू नका : त्यात चुना विरघळलेला असतो, म्हणून कौलातला चुना बाहेर पडत नाही आणि पुढे पांढरे डागही कमी येतात. नंतर सावलीत गोणपाटाखाली, ओतल्यापासून 28 दिवस होईपर्यंत. पावसाळ्यात हा टप्पा जवळजवळ फुकट होतो. त्रास मार्च-एप्रिलमध्ये, दुपारी समुद्राचा वारा सुटतो तेव्हा.

तपासणी

बोटाच्या पेराने टिचकी : खणखणीत वाजले पाहिजे. 400 मिमी अंतराच्या दोन टेकूंवर कौल ठेवून मध्यावर हळूहळू वजन. 50 किलोच्या आत मोडले तर ती बॅच नापास. पन्हळीची दोन्ही टोके मातीने बंद करून 24 तास पाणी भरून ठेवणे : खालून ओल दिसली तर चालेल, थेंब लोंबला तर नाही. हे आकडे आमचे कामापुरते आहेत, सरकारी मानक म्हणून वापरू नका.

छपरावर

जुन्या घरात रिपा मंगळुरी कौलांच्या हिशेबाने साधारण 320 मिमीवर असतात. या कौलांना 400 हवे, तेव्हा सगळ्या रिपा काढून पुन्हा ठोकाव्या लागतात. सुताराला हे आधीच सांगा. उतार 30 अंशांहून कमी नको.

आणि प्रत्येक कौल तारेने बांधा, एकही सोडू नका. हलकेपणाची ही किंमत आहे. पणजीसाठी भारतीय मानकातला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 910 न्यूटन होतो. आपल्या छपराचे वजन चौरस मीटरला साधारण 280 न्यूटन. कडेच्या ओळींना वर ओढणारा वारा मिळाला तर नुसत्या वजनावर कौल राहणार नाही. मे 2021 च्या तौक्ते वादळात गोव्यात काय झाले, ते सगळ्यांनी पाहिले आहे.

आढ्याची कौले

इथे अजून पक्के ठरलेले नाही. इंग्रजी व्ही आकाराच्या साच्यावर कागद ओढला की नेमक्या मोडीवर मसाला पातळ होतो. आता मोडीला 40 मिमी त्रिज्येची गोलाई देऊन आणि जाडी 10 मिमी धरून नवा नमुना कोरायला दिला आहे. कोणी मोडीत फायबरग्लासच्या जाळीची पट्टी घालून पाहिली असेल तर तपशील कळवा : जाळी अल्कलीरोधक होती का, आणि कंपनाच्या आधी घातली की नंतर.