मन्याची शुगर

मंगळवार, रात्री

निदान पक्कं झालं. मन्याला, आमच्या बोक्याला, मधुमेह आहे. रक्तातली साखर ४०० च्या वर, लघवीतही साखर. एकट्या रक्ताच्या आकड्यावर डॉक्टर थांबल्या नाहीत, हे मला फार आवडलं. दवाखान्यात मांजर इतकं भेदरतं, की ठणठणीत मांजराचीही साखर तेवढ्यापुरती चढते. म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामाइनही तपासलं. मागच्या आठवडा-दोन आठवड्यांत साखर साधारण कुठे होती, ते त्यातून कळतं. तासाभराच्या भीतीने ते हलत नाही. तेही वाढलेलं निघालं, मग शंकेला जागाच उरली नाही.

आता सगळं जुळतंय. पाण्याचं भांडं सारखं रिकामं, ट्रेमध्ये ओल्या मातीचे मोठाले गोळे, सतत खा-खा, आणि तरी पाठीवरून हात फिरवला की मणके लागतात. साखर एका पातळीच्या वर गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. ती लघवीवाटे जाते आणि जाताना पाणी ओढून नेते, म्हणून तहान. पेशींपर्यंत मात्र ती पोचतच नाही, म्हणून भूक आणि खाऊनही झिजणं.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते त्याचं चालणं. मांजर बोटांवर चालतं. मन्या मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालतोय, उडी मारायला जातो आणि खालीच थबकतो. आई म्हणत होती, वय झालं त्याचं. वय नाही ते. वाढलेल्या साखरेने नसांना झालेली इजा आहे. साखर आटोक्यात आली की पुष्कळ मांजरांचे पाय सुधारतात, पण सावकाश.

प्रौढ वय, बोका, नसबंदी झालेली, आजाराआधी अंगाने भरलेला. हा आजार ज्यांना जास्त होतो त्यांच्यात मन्या तंतोतंत बसतो. माणसांच्या टाइप २ सारखाच प्रकार: शरीर इन्सुलिनला दाद देत नाही आणि स्वादुपिंड दमत जातं. लवकर इन्सुलिन सुरू केलं आणि खाणं बदललं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतंसुद्धा, असं डॉक्टर म्हणाल्या. आज झोपताना तेवढं एक वाक्य पुरे आहे.

बुधवार

पहिलं इंजेक्शन दिलं. सकाळी दादाने, संध्याकाळी मी. बारा तासांच्या अंतराने दोन वेळा, एकेक युनिट.

हात थरथरत होते, पण मन्याला पत्ताही लागला नाही. तो खात होता. बरगड्यांच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचलायची, खाली छोटा तंबू होतो, त्याच्या पायथ्याशी सुई घालायची. सुई केसाएवढी बारीक. दट्ट्या दाबला, सुई काढली, लगेच तिथल्या केसांवर बोट फिरवून पाहिलं. ओले लागले असते तर औषध आत न जाता बाहेर सांडलं असं समजायचं, आणि तरीही दुसरं टोचायचं नाही. कारण निम्मं गेलं की सगळं सांडलं, हे बाहेरून ओळखता येत नाही. जागा रोज थोडी बदलायची.

सिरिंजचं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. आमचं इन्सुलिन ग्लार्जिन, म्हणजे यू-१००. एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. प्राण्यांसाठीची काही इन्सुलिन यू-४० असतात आणि त्यांच्या सिरिंज वेगळ्या. यू-१०० औषध यू-४० च्या सिरिंजमध्ये एकच्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात अडीच युनिट जातात. साडेचार-पाच किलोच्या जिवाला हा फरक फार मोठा आहे. दादाने सिरिंजच्या डब्यावर मार्करने ठळक ‘१००’ लिहून ठेवलंय. बाटली फ्रिजमध्ये, पण फ्रीझरपासून लांब. हलवायची नाही. औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं, गढूळ दिसलं तर बाटली बाद.

शनिवार

आज घरी साखर मोजली. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. कान कोमट फडक्याने शेकला, कडेला व्हॅसलिनचा पुसटसा हात लावला म्हणजे रक्त केसांत पसरत नाही, गोल थेंब होऊन थांबतं. मागे कापूस धरून टोचलं. आधी काहीच आलं नाही. मग मोहरीएवढा लाल थेंब वर आला. स्ट्रिप टेकवली, तिने तो ओढून घेतला. मग कापूस दाबून धरला, आणि मन्याला त्याच्या आवडीचा खाऊ. खाऊ कधीच चुकवायचा नाही, टोचणं आणि खाऊ यांची सांगड त्याच्या डोक्यात पक्की बसली पाहिजे.

मीटर प्राण्यांसाठीचं आहे. मांजराच्या रक्तात जवळजवळ सगळी साखर प्लाझ्मात असते, तांबड्या पेशींत फारच थोडी. माणसाच्या रक्तात ती दोन्हीकडे वाटलेली असते. त्यामुळे माणसांचं मीटर मांजराचा आकडा बहुधा कमी दाखवतं. ते वापरायचंच तर डॉक्टरांना तसं सांगून, आणि कायम एकच.

सकाळी इंजेक्शनआधी ३८४. दर दोन तासांनी मोजत गेलो. दुपारी सगळ्यात खाली २२६, संध्याकाळी पुन्हा ३५०. कागदावर ठिपके जोडले तर उथळ दरी दिसते. मी लगेच डॉक्टरांना फोन केला, डोस वाढवूया का म्हणून.

नाही म्हणाल्या. ग्लार्जिनचा परिणाम स्थिरावायला काही दिवस जातात. रोजच्या आकड्यामागे धावून डोस वर-खाली केला, तर कशाचा परिणाम काय हे कोणालाच कळणार नाही. आठवडाभर थांबायचं, मग पुन्हा दिवसभराचे आकडे बघायचे, मग ठरवायचं.

हे मला सगळ्यात जड जातंय. डोळ्यांसमोर साडेतीनशे आहे, फ्रिजमध्ये औषध आहे, आणि हात आवरायचा.

रविवार

दुपारभर एकाच गोष्टीचा विचार करत होते आणि आता ती नीट समजली असं वाटतं. मन्याला साडेतीनशेने आज काही होणार नाही. तीस-चाळीसने एका तासात जीव जाऊ शकतो. तो खातोय, पितोय, अंग चाटतोय, तोवर जास्त साखर उतरवायला आपल्याकडे आठवडे आहेत. कमी साखरेत मिनिटं मोजावी लागतात. हे एकदा पटलं की बाकीचे सगळे नियम आपोआप लागतात.

तो जेवला नाही, उलटी झाली, तर नेहमीचा डोस डोळे मिटून द्यायचा नाही, आधी फोन. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही. दिला की नाही आठवत नसेल, तर दिला असंच धरायचं. यासाठी फ्रिजवर कागद लावलाय. संध्याकाळी मी विचारलं, “दादा, टोचलंस का रे?” तर तो म्हणाला, “कागद बघ, मला विचारू नकोस.” बरोबर आहे त्याचं. आठवणीवर विसंबायचं नाही. वेळ, युनिट, देणाऱ्याचं अक्षर, मगच सिरिंज टाकायची.

साखर उतरल्याची लक्षणं आईलाही सांगून ठेवली, कारण दुपारी तीच घरी असते: झोकांड्या, थरथर, एकाएकी वखवख, हाक मारली तरी हरवल्यासारखी नजर, आणि शेवटी झटके. शुद्धीत असेल तर लगेच खायला घालायचं. खात नसेल किंवा झटका आला, तर ग्लुकोजचं दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळायचं. तोंडात ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. आणि तसाच उचलून दवाखाना. ग्लुकोजच्या पाण्याची बाटली स्वयंपाकघरात दर्शनी ठेवली आहे. आईने दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाली, “जमेल मला.”

गुरुवार

खाण्याबद्दल. मांजर मूळचं मांसाहारी. माणसाच्या लाळेत पिष्ट फोडणारं जे अमायलेज असतं ते त्याच्या लाळेत नाही, आणि जेवणानंतर उसळलेली साखर चटकन आवरणारं यकृतातलं ग्लुकोकायनेज त्याच्याकडे जेमतेम. मन्या आजवर जे कोरडे दाणे खात आला ते बांधायलाच पिष्ट लागतं. म्हणून आता ओलं खाणं. भरपूर प्रथिनं, कर्बोदकं अगदी थोडी.

पण हा बदल डॉक्टरांना सांगून, हळूहळू आणि मीटर हाताशी ठेवून. नुसतं खाणं बदललं तरी साखर एवढी उतरू शकते, की कालचा डोस आज जास्त ठरावा. दुसरं म्हणजे त्याला उपाशी ठेवायचं नाही. जाड मांजर काही दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. नवं खाणं त्याने नाकारलं तर आपणच माघार घ्यायची.

एका मैत्रिणीने विचारलं, गोळी नाही का? आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन मंजूर झालं, ते साखर लघवीवाटे बाहेर टाकतं. पण आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांसाठी ते नाही, आणि त्यात कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा रक्तात साठणारी आम्लं) वाढण्याचा धोका असतो, तोही साखर फारशी वाढलेली नसताना. मन्याची वाट वेगळी आहे आणि मला ती पटली आहे.

रात्री इन्सुलिनचा इतिहास वाचत बसले. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधलं ते कुत्र्यांवर प्रयोग करून. त्या कुत्र्यांचे जीव गेले. आज एका बोक्याला ते औषध टोचताना मला त्यांचं मनापासून वाईट वाटलं आणि कृतज्ञताही वाटली.

शुक्रवार

मधे ठरल्याप्रमाणे आठवडाभर थांबलो, मग डॉक्टरांनी डोस वाढवला. त्यानंतरची आजची पहिली पूर्ण नोंद. सकाळी २७२, दुपारी सगळ्यात खाली ११८, संध्याकाळी २४०. सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५० मध्ये हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आकड्यांपेक्षा मला बाकीच्या नोंदी जास्त धीर देतात. पाणी कमी झालंय. ट्रेमधले गोळे आकाराने लहान झालेत. पाठीची लव, जी खरखरीत आणि तेलकट झाली होती, ती तो पुन्हा चाटून नीट ठेवतोय. टाचा अजून टेकतात, पण उजवी थोडी उचलल्यासारखी वाटते. दादाला तसं वाटत नाही. मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढून ठेवलाय, महिन्याने पुन्हा काढू आणि शेजारी ठेवून बघू.

पुढच्या भेटीला वही न्यायची. लघवीची तपासणी सांगायची, साखरट लघवीत जंतू चटकन वाढतात. दातांचं विचारायचं: त्याच्या मागच्या दाढेशी हिरडी लाल दिसते, आणि कुठेही जंतुसंसर्ग असला की इन्सुलिनचा जोर कमी पडतो. कीटोनच्या पट्ट्या घरी ठेवायच्या का, तेही. आणि दुपारचा आकडा ८० च्या खाली गेला, तर त्या संध्याकाळचा डोस किती कमी करायचा, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यायचं.